मीनाबाईची अकरा अंडी

मीनाबाईला गावात कुणी मीनाबाई म्हणत नसे. ‘डॉक्टरची बायको’ म्हणत. आणि हा डॉक्टर कोण, तर दूध संस्थेचा म्हशी भरणारा आकाराम! बारावीला गटांगळ्या खाल्लेला. दूध संघाचं ट्रेनिंग घेऊन आला, मोटरसायकलच्या मागं नायट्रोजनचा कंटेनर बांधला आणि झाला डॉक्टर. मी दोन वर्षं नर्सिंग शिकून, परीक्षा देऊन, सरकारी ऑर्डर हातात घेऊन त्याच गावच्या उपकेंद्रावर आले, तर मी ‘ए बाई’. असो. माझं नाव संघप्रिया. नीट शुद्ध लिहायचं ठरवून बसलेय, पण राग आला की माझ्या तोंडात गावचंच येतं, आणि ह्यात राग पानोपानी येणार हाय. आधीच सांगून ठेवते.

आमचं गाव मुरगूडपासून थोडं आत. घरटी दोन म्हशी. म्हैस माजावर आली की लोक आकारामला निरोप धाडत. त्याच्या कंटेनरमध्ये बोट गोठेल असा गार नायट्रोजन, आणि त्यात बुडवलेल्या रेड्याच्या वीर्याच्या बारीक कांड्या. हा चिमट्यानं एक कांडी काढायचा, थर्मासमधल्या कोमट पाण्यात धरायचा आणि नळीत घालून म्हैस भरायचा. गाभण राहिली तर डॉक्टरचा हात चांगला. नाही राहिली तर म्हशीतच खोट. गावाला हे मान्य होतं. त्याच्या घरातही हाच कायदा चालायचा.

मी एक्क्याण्णव साली तिथं रुजू झाले. तेव्हा आम्हा नर्सेसच्या मागं नसबंदीच्या केसेसचं टार्गेट असायचं. रजिस्टर घेऊन दारोदार फिरायचं, किती मुलं विचारायचं, दोन झाली असतील तर बाईला पटवायचं. आकारामच्या दारात गेले तर त्याची आई चिमणाबाई कट्ट्यावर शेंगा फोडत बसलेली. माझं आडनाव विचारून घेतलं, मग म्हणाली, “हितं काय इचारू नगा. सून कोरडीच हाय आमची.”

आतून एक उंच, हाडापेरानं मजबूत बाई आली. हात कोपरापर्यंत शेणानं भरलेले. म्हणाली, “बाई, तुमी पोरं थांबवायला आलाय न्हवं? मग माझ्यापाशी तुमचं काम झालंय की. लिवा एक केस.”

हसावं की काय करावं, मला कळेना. ती मात्र हसली, आणि सासूकडं बघून मुद्दाम मोठ्यानं हसली. ती मीनाबाई. माहेर गारगोटीकडचं, लग्नाला तेव्हा दोन वर्षं झालेली. त्या दिवशी चिमणाबाईनं मला चहा दिला तो वेगळ्या कपात. तो कप खिळ्याला टांगलेला असायचा, माझ्यासाठी. मी तो चहा प्यायले, कारण मला केसेस पाहिजे होत्या. त्याचाही मला राग येतो.

मीनाबाई जिथं जाईल तिथं तिचा आवाज आधी पोचायचा. संस्थेत फॅट कमी लावली तर सेक्रेटरीला चारचौघांत धुवून काढायची. एसटीत कंडक्टरनं सुट्ट्यावरून कटकट केली तर मुरगूड येईपर्यंत त्याची खैर नसायची. पण बारशाला, डोहाळजेवणाला तिला बोलावणं नसे. बोलावलंच तर भांडी घासायला मागच्या दारानं. ओटी भरायच्या वेळी बायका तिला म्हणायच्या, “जरा बाजूला सर गं.” तेवढ्यावेळी तिचा आवाज कुठं जायचा कुणास ठाऊक. ती सरायची. मी डोळ्यांनी बघितलंय.

आता माझं पाप सांगते. पंच्याण्णवला, सत्त्याण्णवला आणि नव्व्याण्णवला तिची पिशवी धुतली. क्युरेटिंग. गर्भपिशवी आतून खरडतात. तिन्ही वेळा मीच तिचा हात धरून नेलं. तिन्ही वेळा ती दोन दिवस पोट धरून पडली आणि तिसऱ्या दिवशी धारेला बसली. आणि तिन्ही वेळा एकाही माणसाच्या तोंडून निघालं नाही की आधी नवऱ्याला तपासा. माझ्याही नाही. अगं, तू नर्स होतीस ना? पण आकाराम म्हणजे डॉक्टर! रोज शंभर कांड्या हाताळणारा. त्याला ‘तुमचं तपासून या’ म्हणायला माझी जीभ रेटली नाही. गावभर बायकांना दरडावून बोलणारी मी, एका म्हशी भरणाऱ्यासमोर गप्प बसले.

दोन हजार दोन साली कोल्हापुरात टेस्ट ट्यूब बेबीचं एक सेंटर असल्याचं मीनाबाईनं पेपरात वाचलं. वाचलं म्हणजे भज्यांच्या कागदावर वाचलं, आणि तो तेलकट कागद घेऊन माझ्या क्वार्टरवर आली. “बाई, हे आपल्यासारख्यांसाठी असतंय का?” तिनं विचारलं. तिच्या भावांनी खर्चाची तयारी दाखवली. घरात आठ दिवस भांडण झालं. शेवटी चिमणाबाईनं निकाल दिला: ही एकच खेप. जमलं तर जमलं. नाही जमलं तर गगनबावड्याच्या बाळासोची पोरगी आकारामला करून आणायची. पोरगी एकोणीस वर्षांची होती आणि आकाराम एकोणचाळीसचा. मीनाबाईनं मान डोलवली. तिला दुसरं काय करता येत होतं?

सेंटरच्या मॅडम सरळ होत्या. त्यांनी मीनाबाईच्या आधी आकारामकडं बघून विचारलं, “तुमचा रिपोर्ट?” त्यानं खिशातून घडी काढली. मुरगूडच्या कुठल्याशा लॅबचा कागद, सगळं नॉर्मल. मॅडम म्हणाल्या, इथं एकदा पुन्हा करावा लागेल. हा म्हणाला, येतो की. दोनदा तारीख दिली, दोनदा हा आलाच नाही. एकदा म्हणे पिराच्या माळावरची म्हैस अडली, एकदा म्हणे संघाची मीटिंग. मॅडमनी मला फोनवर बजावलं, “अंडी काढायच्या दिवशी तरी त्यांना सकाळी आठला हजर ठेवा. ताजा नमुना लागतो.” मी निरोप दिला. आकाराम मिशीत हसला. “त्यातलंच माझं काम हाय, बाई. मला शिकवू नगासा.”

मग सुया सुरू झाल्या. आधी पंधरा दिवस रोज एक, मग बारा दिवस रोज दोन. इंजेक्शनं माझ्या फ्रिजमध्ये, लोणच्याच्या बरणीशेजारी. ती रोज संध्याकाळी धारा काढून यायची, घमघम शेणाचा वास, पदर खोचलेला, आणि म्हणायची, “टोचा.” मांड्या, कुल्ले, पोट, कुठं जागा उरली नव्हती. हिरवे-निळे डाग. बीजकोश फुगायला लागला तसं पोट तटतटलं. मॅडमनी ओझं उचलायला मनाई केली होती. तरी एक दिवस बघते तर डोक्यावर वैरणीचा भारा! मी तिथंच रस्त्यावर तिच्या डोक्यावरचा भारा ढकलून दिला आणि चिमणाबाईच्या दारात जाऊन जे तोंड सोडलं, ते अर्ध्या गावानं ऐकलं. चिमणाबाई म्हणाली, “आमी काय पोरं काढली न्हाईत व्हय? भारं व्हायलाव की.” ह्या बाईला काय सांगणार, कपाळ?

सोनोग्राफीच्या टीव्हीवर मॅडमनी तिला दाखवलं. काळे काळे गोल, एकाला एक चिकटून. प्रत्येकात एक अंडं असतं म्हणाल्या. मीनाबाई मान वळवून कितीतरी वेळ बघत राहिली. “काळ्या द्राक्षाचा घड हाय की ओ,” ती म्हणाली. मग हळूच माझ्याकडं वळली. “बाई, हे माझ्यात हुतं? तेरा वर्सं हुतं?” मी म्हटलं, होतं. ती सोनोग्राफीच्या टेबलावर पडल्या पडल्या रडली, आणि उठल्यावर मला दटावलं की घरात सांगू नका म्हणून.

शेवटचं इंजेक्शन घड्याळ लावून द्यायचं असतं. त्यात मिनिटाची हयगय चालत नाही, कारण त्यावरून बरोबर छत्तीस तासांनी अंडी काढतात. ते मी दिलं. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला आम्ही सेंटरवर होतो. मी आणि ती. आकाराम मागून मोटरसायकलवर येतो म्हणाला होता.

नऊला तिला आत घेतलं. भूल देऊन, सोनोग्राफीत बघत लांब सुईनं खालून एकेका द्राक्षातलं पाणी ओढून घेतात. वीस मिनिटांचं काम. मॅडम बाहेर आल्या त्या हसतच. “अकरा मिळाली. नऊ तर अगदी छान तयार आहेत. ह्या वयाला उत्तम.” मी आत गेले. ती अर्धवट शुद्धीत होती, ओठ कोरडे. मी कानात सांगितलं, अकरा. तिचे डोळे उघडेनात, पण तोंड उघडलं. “नीट मोजल्यात न्हवं?”

“साहेब कुठाहेत?” मॅडमनी विचारलं. दहा वाजले, साहेबांचा पत्ता नाही. साडेदहाला खाली वॉचमनचा आरडाओरडा ऐकू आला. गॅस, गॅस! मी जिन्यात धावले. बघते तर काय, आकाराम! कंटेनर काखेत मारलेला, झाकणातून पांढरी वाफ, आणि वॉचमन लांबून काठी रोखून उभा. “अरं, ह्यो गॅस न्हवं, नायट्रोजन हाय, खुळ्या!” म्हणत हा वर आला आणि कंटेनर कॉरिडॉरमध्ये, बसलेल्या बायकांच्या मधोमध ठेवला.

लॅबमध्ये श्रुती नावाची एक पोरगी काम करायची. तिला हा म्हणाला, “नमुना आणलाय. परवाच गोठवून ठेवलाय. इथल्या खोलीत बसून ते असलं काय मला जमणार न्हाय. कांडी काढतो, तुमी सदतीस डिग्रीच्या पान्यात तीस सेकंद धरा. रेड्याचं वर्षानुवर्सं टिकतंय, मानसाचं का न्हाय टिकणार?”

श्रुती त्याच्याकडं बघतच राहिली. मी कपाळावर हात मारला. रेड्याची कांडी भरताना त्यात औषधं घालतात, थंड करायची रीत असते, मोठं युनिट असतं. ह्या दीडशहाण्यानं घरी आपलं आपण भरून नायट्रोजनमध्ये बुडवलं होतं! मॅडमनी कपाळाला आठ्या घातल्या तरी आवाज चढवला नाही. म्हणाल्या, ह्याचा उपयोग नाही, शेजारच्या खोलीत जाऊन ताजा नमुना द्या. हा म्हणाला, आधी हे बघा. नाही, आधी हेच बघा. हटूनच बसला. शेवटी श्रुतीनं ती कांडी नेली.

दहा मिनिटांनी ती दारात आली. “मॅडम, ह्यात काहीच नाही. मेलेलेसुद्धा नाहीत.”

मीनाबाईला तोवर बाहेर आणून खुर्चीत बसवलं होतं. हातात सलाईनची सुई तशीच. तिनं विचारलं, “मेलेले न्हाईत म्हंजे?”

मॅडम तिच्यासमोर वाकल्या आणि लहान पोराला सांगावं तसं सांगितलं. “असं गोठवलं की पुरुषाचे जंतू मरतात. पण मेलेले दिसतात तरी. माणूस मेला तर मढं राहतं ना, तसं. ह्यात एकही नाही. म्हणजे गोठवायच्या आधीच नव्हते.”

“गोठवताना काय तरी घोटाळा झाला असंल,” आकाराम म्हणाला. पण ते त्यानं कंटेनरकडं बघून म्हटलं.

मीनाबाई त्याच्याकडं बघत होती. मीही बघत होते. अकरा वर्षं मी त्या माणसाला म्हशीच्या मालकांशी खोटं बोलताना बघितलंय. तो खोटं बोलताना मिशीत हसतो. त्या वेळी हसत नव्हता.

“तुमाला ठावं हुतं,” ती म्हणाली.

“काय ठावं हुतं?”

“तुमाला ठावं हुतं. म्हनून ह्यो डबा आनलासा. म्हंजे डब्यावर घालायला बरं.”

कॉरिडॉरमधल्या सगळ्या बायका ऐकत होत्या. आकारामच्या कपाळावर घाम आला. त्यानं रुमालानं पुसला. मग हळूच म्हणाला, “एकदा बघितलंतं. चौऱ्याण्णवला. दुसऱ्या ट्रेनिंगला दुर्बीण हुती, सगळी जेवायला गेलती, तवा बघितलं. त्यावेळी न्हवतं दिसलं. पर एकदाच बघितलं न्हवं का!”

चौऱ्याण्णव! आणि पिशवी धुतली पंच्याण्णवला, सत्त्याण्णवला, नव्व्याण्णवला! माझ्या डोळ्यांपुढं ती तिन्ही टेबलं आली, आणि हा बाहेर बाकावर बसून तंबाखू मळतोय. मुडद्या, तुला ठावं हुतं! प्रत्येक वेळी ठावं हुतं! माझा हात त्याच्या गचांडीला जायचाच, पण मॅडमनी मला डोळ्यानंच थांबवलं. वेळ जात होता. अंडी आत वाट बघत होती.

मॅडमनी दोन वाटा सांगितल्या. एक, आकारामच्या वृषणातून सुईनं थोडंसं काढून बघायचं. भूल देऊन, पंधरा मिनिटांत. एखादा जंतू सापडला तरी चालेल. दोन, बँकेतला दात्याचा नमुना वापरायचा. कोण ते कुणाला कळत नाही. त्याला नवरा-बायको दोघांच्या सह्या लागतात. दुपारी चारपर्यंत ठरवा म्हणाल्या, त्यानंतर अंड्यांचा काही भरवसा देता येत नाही.

“सुई?” आकाराम म्हणाला. “तिथं? मला?”

“तिला चाळीस टोचल्यात मी!” मी ओरडले. “चाळीस! मोजून!”

“बायमानसाचं येगळं असतंय,” तो म्हणाला. खरंच म्हणाला हो. बाया ऐकत बसल्या होत्या, त्यातली एक जण “अगं बाई!” म्हणाली.

“बरं, सुई ऱ्हाऊ दे,” मीनाबाई म्हणाली. आवाज एकदम खाली. असा आवाज तिचा मी कधी ऐकला नव्हता. “सही करा. दुसऱ्याचं घालू द्या. मी कुनाला सांगत न्हाय. बाई सांगत न्हाईत. तुमच्याच नावानं वाढंल. तुमी बाप. आत्तीस्नी नातू. करा सही.”

“परक्याचं?” आकाराम उसळला. “परक्याचं बी माझ्या घरात? माझ्या नावानं? मला काय समजलीस तू?”

तशी मीनाबाई खुर्चीतून उठली. पोटात कळ आली, वाकली, तरी उठली.

“गावात एक म्हस दाखवा, जिला तुमी परक्याचं भरलं न्हाय. एक दाखवा! कुठला रेडा, कुठल्या गावचा, तुमी तरी बघितलासा कवा? मालक तुमाला चहा पाजून घरात रेडकू आनतोय, आनि मला म्हशीएवढं बी नशीब न्हाय व्हय? आज पोटात अकरा घेऊन आलो मी. अकरा! आनि तुमची एक सही न्हाय?”

आकारामनं वाकून कंटेनर उचलला, झाकण घट्ट बसतंय का बघितलं, आणि जिना उतरून गेला. बायको राहिली, अंडी राहिली, कंटेनर तेवढा आठवणीनं नेला. खालून मोटरसायकलची किक ऐकू आली. पहिल्या किकला लागली नाही, म्हणून त्यानं गाडीला शिवी दिली.

आम्ही चारपर्यंत बसलो. तिला वाटत होतं, वळून येईल. कागलपर्यंत जाईल, रस्त्यात डोकं थंड होईल आणि वळेल. प्रत्येक मोटरसायकलच्या आवाजाला ती मान उचलायची. तीन वाजता मला म्हणाली, “माझ्या दोन सह्या चालतील का इचारा.” मी विचारलं. मॅडमनी नकाराची मान हलवली, आणि त्यांचेही डोळे भरले होते. कायदा म्हणे. सुया तिला, भूल तिला, पोट तिचं, अंडी तिची, आणि सही त्याची! जळो तो कायदा.

चार वाजून गेल्यावर ती म्हणाली, “मला एकदा बघू दे.” मॅडमनी परवानगी दिली. श्रुतीनं तिला टोपी घातली, चप्पल काढायला लावली, आणि लॅबच्या दाराशी ठेवलेल्या छोट्या टीव्हीवर दाखवलं. भिजवलेल्या साबुदाण्यासारखी होती, स्वच्छ, गोल. श्रुती एकेक सरकवत होती. मीनाबाई बोटानं मोजत होती. अकरा झाल्यावर म्हणाली, “ह्यात नासकं कुठलं?” श्रुती म्हणाली, “एकही नाही, मावशी.” “मग बास,” ती म्हणाली.

मॅडमनी कार्ड लिहून दिलं. आम्ही एसटीनं परत निघालो. प्रत्येक खड्ड्याला तिच्या पोटात कळ जायची आणि ती खिडकीचा गज आवळून धरायची. सबंध वाटेत कंडक्टरला एक शब्द बोलली नाही.

गावात पोचलो तेव्हा संध्याकाळच्या धारांची वेळ, गल्लीत किटल्या वाजत होत्या. दारात आलो तर सोप्यात उजेड, आणि घोंगड्यावर पांढरा फेटा घालून एक पावणं बसलेलं. गगनबावड्याचा बाळासो! सकाळी आकाराम कोल्हापुरातून निघून गेला, आणि संध्याकाळी घरात नव्या पोरीचा बाप बसलेला! म्हणजे निरोप आधीच गेला होता. आम्ही सेंटरवर वाट बघत बसलो होतो तेव्हा ह्यांचा चहा उकळत होता.

चिमणाबाई आम्हाला बघून उठली नाही. पावण्याला म्हणाली, “हीच ती. आकारामनं सांगिटलं की आमाला. अंडीच नासकी निघाली म्हनं. डॉक्टरणीनं तोंडावर सांगिटलं, न्हाय जमायचं म्हनून. आमच्या पोरानं काय कमी केलं का?”

आकाराम भिंतीला टेकून बसला होता. मान खाली.

मी आजवर त्या घराच्या कट्ट्यापलीकडं गेले नव्हते. मीनाबाईनं माझं मनगट धरलं आणि मला उंबऱ्याच्या आत ओढलं, सोप्याच्या मधोमध. “बाई, कार्ड काढा. वाचा.”

मी काढलं. इंग्रजीत होतं, मी आमच्या बोलीत वाचलं. अंडी मिळाली अकरा. तयार नऊ. खराब एकही नाही. नवऱ्यानं आणलेल्या नमुन्यात जंतू नाहीत, जिवंत नाहीत, मेलेलेही नाहीत. नवऱ्यानं सुईला नकार दिला. दात्याला नकार दिला. निघून गेला. अंडी वाया. खाली मॅडमची सही, शिक्का, तारीख.

“खोटं हाय!” चिमणाबाई ओरडली. “कागूद काय, कसाबी लिवत्यात! आनि ही वाचणार, ही! हिचं कशाला ऐकायचं आमी?”

“बाई, आनि एकदा वाचा,” मीनाबाई म्हणाली. “आत्तीस्नी नीट ऐकू गेलं न्हाय. पावणं, तुमीबी ऐका. तुमची पोर एकोणीस वर्सांची हाय. तिचीबी पिशवी धुतील ही. तीनदा धुतील.”

मी दुसऱ्यांदा वाचलं. ह्या खेपेला गल्लीला ऐकू जाईल असं वाचलं. दारात किटल्या घेऊन बायका थांबल्या होत्या, ज्या तिला बाजूला सर म्हणायच्या, त्याच. वाचून झालं. बाळासोनं आकारामकडं बघितलं. “डॉक्टर, हे असंच हाय का?” आकारामनं मान वर केली नाही. बाळासो उठला, चपला घातल्या, आणि चिमणाबाईनं दिलेला चहा तसाच ठेवून बाहेर पडला. बायका बाजूला झाल्या आणि त्याला वाट दिली.

पुढं ती त्या घरात आठवडाभर राहिली, मग गारगोटीला गेली, आज तिथं एका शाळेच्या बोर्डिंगात पोरींना जेवायला घालते आणि चांगली दरडावते. आकाराम अजून म्हशी भरतो. लोक अजून त्याला डॉक्टरच म्हणतात, निर्लज्ज.

पण त्या संध्याकाळी ती मला उपकेंद्रापर्यंत सोडायला आली. मी नको म्हणत होते, पोट दुखतंय, पडून रहा म्हणत होते. मला वाटलं, आता ही जिंकली. मला अभिमान वाटत होता, खोटं कशाला बोलू. मी बडबडत होते की कशी जिरवली, कसा उठून गेला पावणं. ती माझ्या दाराशी आल्यावर थांबली.

“बाई, ती अंडी त्यांनी कुठं टाकली असतील ओ?”

मला ठाऊक होतं. निघताना मी श्रुतीला विचारलं होतं, आणि तिनं कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीकडं बोट दाखवलं होतं.

“मला न्हाय ठावं,” मी म्हटलं.

“मग सकाळी संस्थेतनं फोन लावून इचारा,” ती म्हणाली. “अजून टाकली नसली तर म्हनावं, टाकू नगा.”